क्रॉफर्डसाहेब आणि त्यांचे मामलेदार

मुंबईच्या पाटीवर आज "महात्मा जोतिबा फुले मंडई" असे नाव आहे. परंतु बाजारात निघालेला मुंबईकर अजूनही "क्रॉफर्ड मार्केटात जाऊन येतो" असेच म्हणतो. सुकामेवा, फळफळावळ आणि लग्नसराईचे सामान यांच्याशी जडलेले हे नाव ज्याचे, तो क्रॉफर्ड कोण होता हे विचारले तर शंभरांतील नव्वद जणांना सांगता येणार नाही. उरलेल्या दहांपैकी बहुतेक "कोणी जुना गोरा अधिकारी" एवढे सांगून थांबतील. आम्ही कधीकाळी शाळेत इतिहास शिकविला आहे. तेव्हाच्या पाठ्यपुस्तकातही लोकमान्यांच्या चरित्रातील "क्रॉफर्ड प्रकरण" या दोन शब्दांपलीकडे काही नसे, आणि मुलांना ते दोन शब्द पाठ करण्यावाचून गत्यंतर नसे. वास्तविक सरकारी अधिकाऱ्याचे चढणे, पडणे आणि पडताना इतरांना खाली ओढणे यांचे इतके बोलके उदाहरण आपल्या प्रांताच्या इतिहासात दुसरे क्वचितच सापडेल. लाचखोर अधिकारी सापळ्यात सापडल्याचे वृत्त ज्या राज्यात वाचकांना नवीन राहिलेले नाही, तेथे हे जुने प्रकरण पुन्हा उलगडून पाहणे अस्थानी होणार नाही.

आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर. १८६५ साल मुंबईला विसरता येण्यासारखे नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपताच तो भाव कोसळला आणि शेअरांच्या सट्ट्यात कालचे लक्षाधीश आज दिवाळखोर ठरले. त्याच साली नवा म्युनिसिपल कायदा अमलात आला. "जस्टिस ऑफ द पीस" या पदवीधारकांचे एक मंडळ नावापुरते देखरेखीला होते; कारभाराची सर्व सूत्रे मात्र एकट्या कमिशनरच्या हाती होती. शहर घाणीने बुजलेले, गटारे उघडी, वस्तीमध्येच कत्तलखाने आणि दुर्गंधीचे धंदे अशी अवस्था होती. क्रॉफर्ड यांनी आरोग्याधिकारी डॉ. ह्यूलेट यांच्या साह्याने या सर्वांवर हात घातला. कत्तलखाना शहराबाहेर वांद्र्याला गेला, रस्ते रुंद झाले, सफाईची व्यवस्था उभी राहिली. १८६९ मध्ये विल्यम इमर्सनने आखलेली ती देखणी मंडई पुरी झाली. तिच्या दारावरील शेतकऱ्यांची शिल्पे आणि आतील कारंजे लॉकवुड किपलिंगच्या कल्पनेतून आले. पुढे १८८२ साली याच मंडईत विजेचे दिवे लागले. हे सर्व ज्याने केले त्याला कर्तबगार म्हणणे हे केवळ औदार्य नव्हे; ते सत्य आहे.

परंतु हा गृहस्थ पैशाच्या बाबतीत अगदी सैल होता. शहराच्या तिजोरीविषयीही सैल आणि स्वतःच्या खिशाविषयीही. म्युनिसिपालिटीचा खर्च उत्पन्नाच्या पुढे धावू लागला, करांचा बोजा वाढला, घरमालक आणि करदाते चिडले. १८७१ मध्ये त्यांच्याविरुद्ध असा गदारोळ उठला की क्रॉफर्ड यांना ते पद सोडावे लागले. त्या वादात सव्वीस वर्षांचा एक पारशी बॅरिस्टर फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये उभा राहिला आणि संतापलेल्या श्रोत्यांना त्याने सांगितले की, क्रॉफर्ड यांनी शहराचे कल्याण केले आहे. दोष माणसाहून अधिक व्यवस्थेचा आहे आणि त्यावर उपाय म्हणजे करदात्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी. श्रोत्यांना हे मुळीच रुचले नाही. तो बॅरिस्टर म्हणजे फिरोजशहा मेहता. १८७२ च्या कायद्याने चौसष्ट सभासदांची जी कॉर्पोरेशन अस्तित्वात आली आणि तिच्यात निम्मे सभासद करदात्यांनी निवडण्याचे जे तत्त्व मान्य झाले, त्यामागे क्रॉफर्डसाहेबांच्या उधळपट्टीचा वाटा नाकारता येत नाही. मुंबईची नागरी लोकशाही अशा रीतीने एका अधिकाऱ्याच्या गुणांतून आणि अवगुणांतून मिळून जन्माला आली.

येथवरची कथा मुंबईची झाली. खरे नाट्य पुढे पुण्यात घडले. मुंबईत नापसंत ठरलेला अधिकारी नोकरीतून गेला नाही; तो वर चढत गेला. गोऱ्या मुलकी सेवेचा तो जणू अलिखित नियम होता. क्रॉफर्ड यांच्या डोक्यावरील कर्ज सरकारदरबारी कोणाला ठाऊक नव्हते असे नव्हे. हाताखालच्या माणसांकडून आणि आपल्या अधिकारक्षेत्रातील सावकारांकडून मुलकी अधिकाऱ्याने उसनवारी करू नये असा स्पष्ट नियम होता. तरीही त्यांच्याकडे विभागीय आयुक्ताचे पद आले आणि १८८८ मध्ये ते मध्य विभागाचे आयुक्त म्हणून पुण्यात होते. मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या आणि बदल्या त्यांच्या शब्दावर अवलंबून होत्या. कर्जात बुडालेल्या माणसाच्या हाती इतरांच्या भाकरीची दोरी देणे म्हणजे मांजराच्या पुढ्यात दुधाचे भांडे ठेवून ओसरीवर निजण्यासारखे होय. मुंबई सरकारने वर्षानुवर्षे नेमके हेच केले.

मामलेदार म्हणजे काय हे आजच्या शहरी वाचकास कदाचित पटकन उमगणार नाही. तालुक्याचा वसूल गोळा करणारा तोच, तिजोरी सांभाळणारा तोच, आणि दंडाधिकारी म्हणून गुन्ह्याचा निवाडा करणाराही तोच. खेड्यातील कुणब्याच्या दृष्टीने सरकार म्हणजे मामलेदार. इंग्रजांच्या राज्यात देशी माणसाला मुलकी खात्यात जे मोठे पद मिळण्याची आशा असे त्यात हे पद होते, आणि म्हणूनच शिकलेल्या घरांतील मुले त्यासाठी वर्षानुवर्षे कारकुनी करीत. अशा माणसाला एके दिवशी दूरच्या, तापाच्या तालुक्यात बदलीचा हुकूम यावा, आणि पाठोपाठ "साहेबांची मर्जी संपादन केल्यास हुकूम फिरेल" असा निरोप यावा. निरोप आणणाऱ्यांत प्रमुख होता हणमंतराव नावाचा मध्यस्थ. बढती हवी, रक्कम द्या. बदली नको, रक्कम द्या. काहींनी भीतीने दिली, काहींनी लोभाने दिली. हा भेद आम्ही मुद्दाम येथे नोंदवून ठेवीत आहो, कारण पुढे त्याच भेदावर अनेकांचे नशीब ठरले.

गव्हर्नर लॉर्ड रे हे उदारमतवादी आणि स्वच्छ वृत्तीचे गृहस्थ होते. तक्रारी कानी येताच त्यांनी पोलिसांचे इन्स्पेक्टर जनरल ओमनी यांच्याकडे तपास सोपविला. १८८८ च्या उन्हाळ्यानंतर हणमंतरावाला अटक झाली, क्रॉफर्ड निलंबित झाले. आणि तेव्हा या विभागीय आयुक्ताने जे केले ते एखाद्या फार्सात शोभण्यासारखे होते. वेष पालटून साहेब पुण्याहून निसटले आणि मुंबईत पकडले गेले. ज्या शहराचे रस्ते स्वतः रुंद केले त्याच शहरात त्यांना तोंड लपवून हिंडावे लागले.

तपासाची खरी अडचण निराळीच होती. लाच बंद दाराआड दिली जाते. देणारा आणि घेणारा यांच्यावाचून तिसरा साक्षीदार नसतो. देणाऱ्याने तोंड उघडावे तर तोही गुन्हेगार. १८०९ साली तिसऱ्या जॉर्जच्या कारकिर्दीत झालेल्या इंग्रजी कायद्याप्रमाणे, पैसे मोजून सरकारी जागा मिळविणारा ती जागा धारण करण्यास अपात्र ठरत असे. तेव्हा कोणता मामलेदार आपण होऊन फासात मान घालणार? मुंबई सरकारने यावर अभयवचनाचा तोडगा काढला. खरे सांगाल तर तुमच्यावर खटला होणार नाही आणि तुमची नोकरीही जाणार नाही, असे वचन सरकारच्या वतीने देण्यात आले. या वचनावर विसंबून मामलेदार पुढे आले आणि आपण किती, केव्हा व कोणामार्फत दिले हे त्यांनी सांगितले. आयुक्ताविरुद्ध, तेही गोऱ्या आयुक्ताविरुद्ध, देशी नोकरांनी उघड साक्ष द्यावी याला त्या काळात किती छाती लागत असेल याची कल्पना आज करणे कठीण आहे.

सरकारी नोकरांच्या चौकशीसंबंधीच्या १८५० च्या कायद्याखाली तिघांचे कमिशन नेमण्यात आले. अध्यक्ष होते कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्सन. १८८८ च्या अखेरीपासून पुण्यात चौकशी चालली. १८८९ मध्ये अहवाल आला तो असा की, लाचेचे आरोप सिद्ध होत नाहीत. हाताखालच्या माणसांकडून नियमबाह्य उसनवारी केल्याचा आरोप मात्र सिद्ध होतो. लाच देणाऱ्यांची साक्ष ही गुन्ह्यातील भागीदारांची साक्ष, तिच्यावर एका वरिष्ठ अधिकाऱ्याला कलंकित कसे ठरवावे, असा कमिशनचा एकंदर रोख होता. मुंबई सरकारला तो मान्य झाला नाही. अखेर भारतमंत्री लॉर्ड क्रॉस यांनी लाचेच्या बाबतीत कमिशनचा निर्णय उचलून धरला आणि उसनवारीच्या कारणावरून क्रॉफर्ड यांना सेवेतून काढून टाकले. एकीकडे हणमंतरावाला न्यायालयाने शिक्षा ठोठावली होती. दुसरीकडे ज्याच्या नावाने त्याने व्यवहार केला तो साहेब लाचेतून सुटला. दलाल दोषी आणि धनी निर्दोष, हा न्याय समजून घेण्यास जी बुद्धी लागते ती आमच्यापाशी नाही, हे आम्ही नम्रपणे सांगतो.

कमिशनने पुरावा कडक कसोटीवर पारखला यात गैर काही नाही; ते त्याचे कर्तव्यच होते. गैर घडले ते त्यानंतर. क्रॉफर्ड यांच्याविषयीचा निकाल लागताच विलायतेतील आणि येथील गोऱ्या वृत्तपत्रांनी मामलेदारांवर झोड उठविली. स्वतःच्या तोंडाने लाच दिल्याचे कबूल करणारी माणसे न्यायासनावर बसतात कशी, असा प्रश्न पार्लमेंटपर्यंत गेला. प्रश्न दिसण्यास सात्त्विक होता. परंतु तो विचारणाऱ्यांना लाच घेणाऱ्याविषयी असा कळवळा पूर्वी कधी आला नव्हता. अभयवचन देण्याचा मुंबई सरकारला अधिकारच नव्हता, असे कायदेपंडित सांगू लागले. परिणामी हिंदुस्थान सरकारने माघार घेतली. १८८९ मध्ये सिमल्यास एक खास कायदा करून मामलेदारांना खटल्यांपासून संरक्षण देण्यात आले. पण नोकरीसंबंधीचे वचन पुरतेपणी पाळले गेले नाही. ज्यांच्याकडून दडपणाने पैसे उकळले गेले त्यांना ठेवावे, आणि ज्यांनी आपण होऊन बढतीसाठी पैसे मोजले त्यांना भरपाई देऊन दूर करावे, असा मार्ग काढण्यात आला. चोर सोडून संन्याशाला सुळी, अशी म्हण आपल्याकडे आहे. हे मामलेदार संन्यासी नव्हते हे खरे. परंतु वचन दिले होते ते सरकारने, आणि त्या वचनाच्या जोरावर जबान्या घेतल्या होत्या त्याही सरकारनेच.

या अन्यायाला वाचा फोडणारे पुढारी होते बाळ गंगाधर टिळक. वय अवघे तेहतीस. १८८९ च्या सप्टेंबरात पुण्यात भरलेल्या जाहीर सभेत त्यांनी मामलेदारांची बाजू मांडली, "केसरी"तून ती लावून धरली, विल्यम डिग्बी यांच्याकडे विलायतेस पत्रव्यवहार केला, आणि चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यासारखा सभासद पार्लमेंटात या बाजूने उभा राहिला. टिळकांचा मुद्दा साधा होता. मामलेदार निष्पाप आहेत असे त्यांचे म्हणणे नव्हते. वचन मोडल्यास यापुढे कोणताही कनिष्ठ नोकर वरिष्ठाविरुद्ध तोंड उघडणार नाही, ही खरी गोष्ट होती. राजकारणात पाऊल टाकणाऱ्या टिळकांचे हे पहिल्या काही मोठ्या झुंजींपैकी एक होय, आणि ती झुंज एखाद्या तेजस्वी हुतात्म्यासाठी नसून चुकलेल्या, भ्यालेल्या, पोटार्थी माणसांसाठी होती, हे आम्हांस विशेष वाटते.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये, आणि त्या काळच्या पुण्यातील सुशिक्षित मंडळी ती सोयीस्करपणे विसरत होती. मामलेदाराने साहेबाला दिलेली रक्कम कोठून येत होती? ती शेवटी रयतेच्या घामातूनच निघणार. मुलकी कचेऱ्यांतील पांढरपेशे कामगार कुणब्याला कसे नाडतात हे जोतिराव फुले यांनी "शेतकऱ्याचा असूड" या ग्रंथात अगदी त्याच दशकात मांडले होते. क्रॉफर्ड कमिशनपुढे साहेबाचे वकील आले, सरकारचे वकील आले, मामलेदार आले. कुणबी मात्र आला नाही. तळे राखील तो पाणी चाखील हे खरे. पण तळ्याकाठी तहानलेला कोण, हे कोणी विचारलेच नाही.

नियतीने मात्र नावांच्या बाबतीत एक मजेदार न्याय केला आहे. क्रॉफर्डना घरी पाठविणाऱ्या गव्हर्नराचे नाव पुण्याच्या मंडईला दिले गेले होते. १८८६ साली उघडलेले ते रे मार्केट. त्या मंडईवरील खर्चाला, म्युनिसिपालिटीचे सभासद असता, फुले यांनी विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर घाला असे त्यांचे मत होते. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने पुण्याच्या मंडईला फुले यांचेच नाव मिळाले, आणि स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या मंडईलाही. आरोपी साहेब आणि फिर्यादी गव्हर्नर दोघेही पाट्यांवरून गेले. क्रॉफर्ड विलायतेस जाऊन पुस्तके लिहू लागले. १८९७ मध्ये त्यांनी पुणे आणि दख्खन येथील "आपल्या त्रासांविषयी" एक पुस्तक प्रसिद्ध केले व त्यात पुण्याच्या ब्राह्मणांवर मनसोक्त राग काढला. पुढे कोकणातील दंतकथाही त्यांनी संग्रहित केल्या. बडतर्फ मामलेदारांपैकी कोणी आत्मचरित्र लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

हे सर्व सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीचे. त्याचा आज काय संबंध, असे कोणी विचारील. तो संबंध पाहण्यासाठी मुंबईपासून फार दूर जाण्याचे कारण नाही. भिवंडी तालुक्यातील दापोडे हे गाव घ्या. एके काळचे हे भाताचे गाव. आज त्याच्या शिवारात गोदामांच्या रांगा उभ्या आहेत आणि मुंबईच्या घरोघर पोचणारा माल तेथे थप्प्या लावून ठेवलेला असतो. जमिनीला मोल आले की कागदाला मोल येते. सात-बारावरील फेरफार, बिगरशेतीची परवानगी, मोजणी, हद्द, यांतील एकेका कागदासाठी माणसे भिवंडीच्या कचेऱ्यांकडे डोळे लावून बसतात. मामलेदार हा शब्द कायद्यात अजून जिवंत आहे. गोदामाच्या कुंपणाने शेतकऱ्याची वहिवाटीची वाट अडली तर तो आजही १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारापुढे दाद मागतो. क्रॉफर्ड यांची चौकशी ज्या १८५० च्या कायद्याखाली झाली त्याचा उल्लेख अखिल भारतीय सेवांच्या शिस्तविषयक नियमांत आजही आढळतो.

बदल्यांचा बाजार बंद व्हावा म्हणून महाराष्ट्राने कायदाही केला. "महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५" असे त्याचे लांबलचक नाव. तीन वर्षांची मुदत, एप्रिल-मे या महिन्यांतच बदल्या, एरवी बदली करावयाची तर लेखी कारणे आणि वरिष्ठांची पूर्वमान्यता, अशी त्यातील व्यवस्था. क्रॉफर्डच्या मामलेदारांना हा कायदा मिळता तर त्यांनी तो देव्हाऱ्यात ठेवला असता. पण अपवादाच्या दारातून किती बदल्या होतात, आणि त्या दाराशी आज कोण हणमंतराव उभा असतो, याचा हिशेब सरकारने दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावा अशी आमची मागणी आहे. त्यास आक्षेप कोणाचा असेल तर त्याने तो उघडपणे सांगावा.

आणि लाच देणाऱ्याचे काय? १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात चोविसावे कलम होते. लाच देणाऱ्याने लोकसेवकाविरुद्ध केलेल्या निवेदनावरून त्याच्यावर खटला भरता येत नसे. ते कलम सर्वांशी चांगले होते असे नाही. धनवान ठेकेदार त्याचा आडोसा घेत, ही तक्रार खोटी नव्हती. परंतु २०१८ च्या दुरुस्तीने ते समूळ काढून टाकले गेले. आता आठव्या कलमाखाली लाच देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. ज्याला ती देण्यास भाग पाडले गेले त्याला सूट आहे खरी. अट एवढीच की, त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांकडे वा तत्सम यंत्रणेकडे कळविले पाहिजे. भ्यालेला आणि लोभी यांच्यातील भेद १८८९ साली सिमल्याच्या अधिकाऱ्यांनी जबान्या वाचून ठरविला. आज तो कॅलेंडर पाहून ठरतो.

दापोड्यातील एखाद्या सामान्य शेतकऱ्याची कल्पना करा. फेरफारासाठी त्याने रक्कम दिली. काम आठवड्यात होईल असे त्याला सांगण्यात आले. आठवडाभर तो वाट पाहतो, कारण तक्रार करावी तर काम कायमचे अडेल. आठव्या दिवशी कळते की आणखी रक्कम हवी. संतापून तो लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर दूरध्वनी करतो. नव्या मागणीसाठी सापळा रचला जाईल, आणि विभागास कळवून त्याने दिलेल्या त्या रकमेबद्दल त्याला दोष लागणार नाही. पण पहिल्या रकमेचे काय? तिची मुदत उलटली. ती कबूल केल्यास तो स्वतः सात वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र. म्हणून तो पहिली रक्कम सांगणारच नाही, आणि घेणाऱ्याचा निम्मा गुन्हा कागदावर येण्यापूर्वीच मिटेल.

गंमत अशी की, बदल्यांच्या त्याच २००५ च्या अधिनियमात दहाव्या कलमाने सरकारी नोकरालाही सात दिवस दिलेले आहेत. कामकाजाचे सात दिवस उलटूनही कोणतीही फाइल एका टेबलावर पडून राहता कामा नये असे ते कलम सांगते. त्याने ते सात दिवस मोडले तर शिस्तभंगाची कारवाई, तीही वरिष्ठाने मनावर घेतल्यास. शेतकऱ्याने आपले सात दिवस मोडले तर सात वर्षे. पहिला आठवडा मोडल्यावाचून दुसऱ्या आठवड्याचा प्रश्न बहुधा उद्भवतच नाही, हे कायदा करणाऱ्यांच्या ध्यानी आले नसेल असे आम्हांस वाटत नाही. संसदेने आठव्या कलमातील ही मुदत काढावी, अथवा दडपण कोणते होते हे पाहून ती शिथिल करण्याचा अधिकार न्यायाधीशाला द्यावा. ठाणे जिल्ह्यातील आणि मुंबईतील खासदारांनी हा प्रश्न येत्या अधिवेशनात विचारावा. ब्रॅडलॉ यांनी मामलेदारांचा प्रश्न विचारला तेव्हा ते नॉर्थॅम्प्टनचे प्रतिनिधी होते, आणि पुण्यातील एकही मत त्यांना मिळावयाचे नव्हते.